तासावर मिळणारा ड्रायव्हर, ६ महिने वापरून

आधीच सांगते, सर्व्हिसचं नाव लिहिणार नाहीये. कौतुक आहे तशी तक्रारही आहे, आणि जी तक्रार आहे ती एकाच कंपनीची नाही, मी नंतर अजून दोन ठिकाणी फोन लावून विचारलं तर तिथेही तेच उत्तर. आपली गाडी, त्यांचा ड्रायव्हर, ॲपवर बुक करायचं, तासावर पैसे. पुण्यात अशा बऱ्याच आहेत, त्यातली एक समजा.

आम्हाला ती लागली कारण नवऱ्याचं लायसन्स ६ महिन्यांसाठी सस्पेंड झालं. ड्रंक अँड ड्राइव्ह. नातेवाइकांत काही जणांना अजून माहीत नाही, पण इथे लिहितेय कारण ज्यांच्या घरात "एवढ्या दोन पेगने काय होतंय" हे वाक्य रोज ऐकू येतं त्यांनी पुढचं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

ऑफिसमधल्या एकाचा सेंड-ऑफ होता, मुंढव्याला. तिथून आमचं घर वडगाव शेरीला, रात्री जेमतेम १५ मिनिटं. गाडीत अजून दोन मित्र. कल्याणीनगरच्या बाजूला नाकाबंदी होती, फुंकायला लावलं, आकडा आला ७१. लिमिट ३० आहे, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडमध्ये हीच लिमिट ८० आहे, म्हणून बाहेर राहून आलेल्या लोकांना वाटतं आपण अजून लिमिटच्या आत आहोत, आणि ते इकडे चालत नाही. पोलिसांनी काही त्रास दिला नाही हे पण सांगते. नवीन नळी लावली, आकडा दाखवला, गाडी आणि लायसन्स ठेवून घेतलं, हॉस्पिटलला नेऊन तपासणी, रक्त. कायद्यात आहे की अटक केल्यावर २ तासांत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही तर सोडून द्यावं लागतं, त्यामुळे सगळं भराभर चाललं होतं. मला फोन आला पावणेएकला. तो रिक्षाने घरी आला साडेतीनला, आणि सासूबाई जाग्या होत्या.

आता मूळ मुद्दा, म्हणजे शिक्षा. अजूनही भरपूर लोकांना वाटतं की पावती फाडली की सुटलो. तसं नाहीये. हेल्मेट, सिग्नल, नो पार्किंग हे ऑनलाइन भरता येतं, पण पिऊन गाडी चालवण्याचं, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम तडजोडीत मिटत नाही, कोर्टातच उभं राहायला लागतं. आधी पहिल्या वेळेला दंड जास्तीत जास्त २ हजार होता, १ सप्टेंबर २०१९ पासून सरळ १० हजार झाला, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. आणि जे कोणी सांगत नाही ते म्हणजे २० कलम, दोषी ठरलात की कोर्टाने लायसन्स किमान ६ महिने बंद ठेवायचंच आहे.

आमच्या वकिलांनी सांगितलं की आकडा स्पष्ट आहे, रिपोर्ट आहे, गुन्हा कबूल करा. केला. मॅजिस्ट्रेटनी चार प्रश्न विचारले, काय काम करता, घरात कोण, याआधी केस आहे का, आणि शिक्षा सांगितली, १० हजार दंड, कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं, ६ महिने लायसन्स बंद. आमची वेळ येईपर्यंत पाच तास गेले आणि आमचं काम पाच मिनिटांत झालं. मग मागच्या बाकावर तो संध्याकाळपर्यंत बसला आणि त्याच्या शेजारी मी बसले.

तिथे आमच्या आधी एक टेम्पोवाला होता, तिशीचा असेल. दंड ऐकून काही बोलला नाही पण ६ महिने ऐकल्यावर हात जोडायला लागला, साहेब दंड वाढवा पण लायसन्स घेऊ नका, हप्ता आहे. काही झालं नाही, होणार पण नव्हतं, कायद्यात पळवाट नाही. माझा नवरा दुसऱ्या दिवसापासून रामवाडीहून मेट्रोने ऑफिसला जायला लागला आणि पगार वेळेवर आला. त्या माणसाच्या घरी त्या महिन्यात काय झालं असेल ते मला माहीत नाही. त्याला सोडायला हवं होतं असं मी म्हणत नाही, तो टेम्पो कुणावर गेला असता तर? पण तीच शिक्षा दोन घरांत सारखी नसते हे मी त्या बाकावर बसून बघितलं आणि ते डोक्यातून जात नाही. याचा संबंध पुढे आहे.

तर सर्व्हिस. आमची अडचण ऑफिसची नव्हतीच, सासूबाईंच्या डायलिसिसची होती. मंगळवार आणि शुक्रवार, कॅम्पात. मी फक्त स्कूटर चालवते, गाडी शिकायची राहून गेली ती गेलीच, आणि डायलिसिस झाल्यावर त्यांना रिक्षात बसवणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना कळेल, चक्कर येते, पाय लटपटतात, मशीनला लावलेला हात जपायला लागतो आणि आपल्या रस्त्यावर रिक्षा एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात.

आम्हाला रेट पडला ४ तासांचे ५५०, त्यापेक्षा कमी बुकिंग नाही, पुढे प्रत्येक तासाला १२०. रात्री १० नंतर १५० वेगळे. आठवड्याला २ फेऱ्या धरल्या तर ६ महिन्यांत ५२, म्हणजे नुसत्या डायलिसिसचे २८ हजार ६०० झाले, आणि डायलिसिस लांबला की वरचे तास वेगळे, ते जवळजवळ दर वेळी. दंड १० हजार, वकील ७ हजार. म्हणजे दंडापेक्षा आम्हाला लायसन्स बंद असणं महाग पडलं, कितीतरी महाग. मी वहीत सगळं लिहून ठेवलंय आणि ती वही फ्रीजवर असते, नवऱ्यानेच ठेवलीय तिथे.

बुकिंग सोपं आहे. आदल्या रात्री टाकलं तर सकाळचा ड्रायव्हर नक्की मिळतो. ऐनवेळी टाकलं तर पाऊण तास धरून चाला, पावसात जास्त. गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते नीट टाका, आम्ही पहिल्यांदा टाकलं नाही आणि जो मुलगा आला त्याने ऑटोमॅटिक कधी चालवलीच नव्हती, पार्किंगमधून काढतानाच कळलं. गाडी देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, ड्रायव्हरसमोर काढा, त्यालाही बरं पडतं. पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर पण.

साधारण वीसेक वेगवेगळे ड्रायव्हर आले असतील. बहुतेक चांगले. दोनतीन जण सतत फोनवर, एकाला सांगायला लागलं की दादा मागे पेशंट आहे, स्पीडब्रेकरला हळू. आणि एक काका, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर माझं मलाच बरं वाटणार नाही. मूळचे बीडचे, २२ वर्षं ट्रकवर काढलेली, मद्रासपर्यंत जाऊन आलेले, आता पाठ धरते म्हणून हे काम. पहिल्याच दिवशी सासूबाईंना उतरवताना मला म्हणाले, ताई तुम्ही पर्स सांभाळा, आजींना मी धरतो. पुढच्या वेळेपासून स्वतःच व्हीलचेअर आणून दाराशी उभे. गाडी अशी चालवतात की सासूबाईंना झोप लागते. चार तास थांबायचं असतं तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात सावली बघून बसायचे, मी डबा दिला तर आधी नको म्हणायचे. नवऱ्याच्या केसबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही, कळलेलं असणारच. ॲपमध्ये आवडता ड्रायव्हर निवडायची सोय आहे, ती जरूर वापरा, या सर्व्हिसमधली सगळ्यात चांगली गोष्ट ती आहे.

त्यांच्याकडूनच कळलं की रात्रीच्या बुकिंगनंतर ड्रायव्हरने घरी कसं जायचं याचा कंपनी काही विचार करत नाही. आपण सव्वाबाराला घरी पोचतो, गाडी लावतो, किल्ली घेतो आणि झोपतो. तो माणूस मुख्य रस्त्यापर्यंत चालत जातो, शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली. रात्रीच्या १५० मधले त्यांच्या हातात किती पडतात ते मी विचारलं, निम्मे पण नाहीत. तेव्हापासून आम्ही रात्री १०० ते १५० हातात वेगळे देतो. तुम्ही पण द्या. कंपनीने हे दरात घ्यावं, आम्ही भरू.

आता ती रात्र, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

मांजरीच्या बाजूला एका लॉनवर लग्नाचं रिसेप्शन होतं. सासूबाई, मी, नवरा, मुलगी. येताना आमची गाडी आत्येभावाने चालवली, जाताना १०.४५ चा ड्रायव्हर बुक. नवऱ्याने त्या दिवशी काही घेतलेलं नव्हतं, केसनंतर त्याने घेतलीच नाहीये. ड्रायव्हर आला वेळेवर, पंचविशीचा मुलगा, नीट इस्त्रीचा शर्ट. किल्ली घ्यायला हात पुढे केला आणि काहीतरी बोलला, आणि मला वास आला. मसाला खाल्लेला होता वरून, तरी आला. मला वाटलं मला उगाच भास होतोय, मंडपाच्या मागे लोक पीत होतेच, तिकडून येत असेल. मी नवऱ्याकडे बघितलं. तो एक पाऊल पुढे जाऊन त्या मुलाशी दोन मिनिटं बोलला, कुठून आलास, जेवलास का असं काहीतरी, आणि परत येऊन मला हळूच म्हणाला, किल्ली देऊ नकोस.

आमची अवस्था बघा. नवरा शुद्धीत, वीस वर्षं गाडी चालवणारा, पण त्याला स्टिअरिंगला हात लावता येत नाही, लायसन्स बंद असताना चालवलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. ज्याला हात लावायचा हक्क आहे त्याच्या तोंडाला वास. मी चालवू शकत नाही. सासूबाई खुर्चीत बसून दमलेल्या, दुसऱ्या दिवशी शुक्रवार.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम नुसता वास म्हणजे काही पुरावा होत नाही, तुम्ही कॅन्सल केलंत तर कॅन्सलेशन चार्ज लागेल. मी विचारलं, मग पुरावा कसा देऊ, तुमच्याकडे तपासायची काय सोय आहे? तर म्हणे आमचे सगळे ड्रायव्हर व्हेरिफाइड आहेत. आधार, लायसन्स, पोलीस व्हेरिफिकेशन. अहो पण ते सगळं वर्षापूर्वी झालेलं, आज संध्याकाळी तो काय पिऊन आलाय ते त्याच्यातून कसं कळणार? त्यावर परत तेच, व्हेरिफाइड आहेत मॅडम. दुसरा ड्रायव्हर यायला १ तास २० मिनिटं लागली. मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते आणि आम्ही गेटजवळ चौघं.

नंतर मी त्यांच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या, घरबसल्या आधीच वाचायला हव्या होत्या. लिहिलंय की कंपनी फक्त मध्यस्थ, अपघात झाला तर गाडीमालकाच्या इन्शुरन्समधून. आणि इन्शुरन्समध्ये काय लिहिलेलं असतं, तर चालवणारा दारूच्या अमलाखाली असेल तर गाडीचं नुकसान मिळणार नाही. चालवणारा कोणीही असो, तुम्ही असा नाहीतर भाड्याचा ड्रायव्हर. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दिल्लीच्या केसमध्ये, तिथे फुंकून तपासणी झालेलीच नव्हती तरी, परिस्थितीवरून चालवणारा दारूच्या अमलाखाली होता असं मानून इन्शुरन्स कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे गाडी पण आपली, इन्शुरन्स पण आपला, आणि धोका पण आपलाच. शिवाय कलम १८८ आहे, पिऊन चालवायला जो मदत करतो त्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. वास आलेला असताना मी किल्ली दिली असती तर मी कुठे उभी राहिले असते? वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, नाही दिलीत ना, झालं तर मग. पण सेंड-ऑफच्या रात्री जे दोन मित्र नवऱ्याच्या गाडीत हसत बसले होते, त्यांना हे कलम माहीत तरी होतं का? मी त्यातल्या एकाला नंतर सांगितलं, तो गप्पच झाला.

त्या मुलाची तक्रार करायची का, यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा. मला तो कोर्टातला टेम्पोवाला आठवत होता. तक्रार केली की याचं काम जाणार, घरी कोण असेल, हप्ता असेल. नवऱ्याने शेवटी स्वतः मेल लिहिला, स्वतःच्या नावाने, आणि त्यात आपली केस पण लिहिली. मला म्हणाला, मला त्या रात्री थांबवलं गेलं म्हणून मी आज फक्त दंड भरून बसलोय.

हे वाक्य तो का म्हणाला ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. त्याला जिथे अडवलं तिथून जवळच १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं, दोघं गेले. सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन, अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध, आणि नंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक. आमच्या सोसायटीत त्या वेळी सगळे एकच बोलत होते, पैसेवाले सुटतात. मी पण बोलले. मग वर्षभरात माझाच नवरा त्याच भागात ७१ आकडा घेऊन उभा.

त्या काळात मी निकाल वाचत बसायचे, झोप यायची नाही म्हणून. आपल्या मुंबईतली परेरा केस आहे. १२ नोव्हेंबर २००६, वांद्र्याचा कार्टर रोड, फुटपाथवर झोपलेले मजूर, ७ मेले, ८ जखमी. चालवणाऱ्या ॲलिस्टर परेराच्या रक्तात दारू सापडली होती. सेशन्स कोर्टाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले. हायकोर्टाने सदोष मनुष्यवध धरला आणि ३ वर्षं दिली. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१२ मध्ये तीच कायम ठेवली आणि निकालात लिहिलं की ३ वर्षं ही फारच कमी आहेत, पण शिक्षा वाढवून मागायला राज्य सरकार अपिलात आलेलंच नाही म्हणून आम्ही वाढवत नाही. मी ती ओळ तीन वेळा वाचली. ७ माणसं, आणि सरकारने अपील केलं नाही. ज्यांचं कोणी गेलं त्यांच्यासाठी ही व्यवस्था किती हळू आणि किती अपुरी आहे ते त्या एका ओळीत आहे.

नवीन कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणाने मृत्यूला २ ऐवजी ५ वर्षांपर्यंत केलंय. अपघात करून न कळवता पळून गेलात तर १० वर्षं हे पण लिहिलंय, पण ट्रकवाल्यांच्या संपानंतर ते पोटकलम लागूच केलं नाही. काकांना मी हे विचारलं होतं, ते म्हणाले ताई थांबलो तर पब्लिक मारते, पळालो तर सरकार, सांगा काय करायचं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की जे काही करायचं ते किल्ली हातात घेण्याआधी करा. विमानाच्या पायलटला उड्डाणाआधी फुंकायला लागतं, आकडा शून्य लागतो. मग जी सर्व्हिस आपल्याला "तुम्ही प्या, गाडी आम्ही चालवतो" म्हणून जाहिरात दाखवते, तिच्या ड्रायव्हरने रात्रीच्या ड्युटीआधी मशीनमध्ये फुंकून आकड्याचा फोटो ॲपवर टाकला तर काय बिघडतं? आपण त्यांच्याकडून दुसरं काय विकत घेतो? गाडी चालवता आपल्यालाही येते, आपण शुद्धीतला माणूस विकत घेतो. मी हे त्यांना तीन मेलमध्ये लिहिलं. कॅन्सलेशनचे पैसे परत आले, या प्रश्नाला उत्तर आलं नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांना फोन केला, तिथेही अशी काही तपासणी नाही. खिशात मावणारी मशीन ऑनलाइन मिळतात, आम्ही एक आणलं दोनेक हजारांचं, पण त्याच्या आकड्यावर निवांत राहू नका, नुसता माउथवॉश करून फुंकलं तरी आकडा दाखवतं आणि वेळच्या वेळी कॅलिब्रेट केलं नाही तर काहीही दाखवतं. कंपनीने ठेवलं, वेळोवेळी तपासून घेतलं, तर त्याला अर्थ आहे.

स्टार द्यायचे तर दिवसाच्या कामाला ५ पैकी ४, काकांना ५. रात्रीच्या सर्व्हिसला २, आणि ते पण वेळेवर येतात म्हणून. घरात पेशंट असेल, लायसन्स नसेल, लांब जायचं असेल तर बिनधास्त घ्या. प्यायला जाणार असाल तर घ्याच, पण किल्ली देण्याआधी त्या माणसाशी दोन मिनिटं समोर उभं राहून बोला, आणि शंका आली तर कॅन्सलचे पैसे जाऊ द्या.

नवऱ्याचं लायसन्स गेल्या सोमवारी परत मिळालं. मंगळवारी डायलिसिसला त्याने सुट्टी घेऊन स्वतः गाडी नेली, सासूबाई पुढे बसल्या, बंडगार्डनचा पूल येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. या शुक्रवारी त्याला सुट्टी नाहीये, काकांची सकाळी ८ ची बुकिंग टाकलीय. आणि मी ड्रायव्हिंग स्कूलची फी भरलीय, रोज सकाळी साडेसहाला.